पंचवीस टक्क्यांची स्वदेशी

संपादकांचा फोन आला तेव्हा अंकाचा विषय पक्का झाला होता: स्वदेशी. टिळक, वंगभंग, खादी, परदेशी कापडाच्या होळ्या हे सगळं इतर लेखकांच्या वाट्याला गेलं होतं. मला म्हणाले, "आजची स्वदेशी शोधा. सरकारदरबारी आज 'देशी उद्योग' कुणाला म्हणतात, ते बघून या."

प्रश्न सोपा वाटतो. जो देशात माल करतो तो देशी. पण आपल्याकडे एक कायदा असा आहे की त्याला या प्रश्नाचं उत्तर दर प्रकरणात नव्याने, कागदावर आणि टक्केवारीसकट द्यावं लागतं. तो कायदा अँटी-डम्पिंगचा. परदेशी कंपनी स्वतःच्या बाजारात ज्या भावाने माल विकते त्याहून कमी भावाने तोच माल आपल्याकडे पाठवते, त्याला डम्पिंग म्हणतात. मात्र माल स्वस्त आला एवढ्यावर जादा कर बसत नाही. डम्पिंग झालं, देशी उद्योगाला इजा झाली आणि ती इजा त्या डम्पिंगमुळेच झाली, हे तिन्ही दाखवावं लागतं. इजा मोजायची तर आधी अंग कुठलं ते ठरवायला हवं. पाच कारखान्यांचा धंदा असेल आणि त्यातले तोट्यातले दोनच मोजले तर उद्योग आजारी दिसेल, पाचही मोजले तर कदाचित ठणठणीत दिसेल. म्हणून या कायद्यातली खरी लढाई बहुतेक वेळा व्याख्येच्या पानावरच होते. बाकीचा निकाल पुष्कळदा तिथूनच ओघाने येतो.

एक जिल्हा, दोन कारखाने

ही व्याख्या जमिनीवर कशी दिसते ते पाहायला रायगडसारखा जिल्हा नाही. मुंबईहून गोव्याच्या रस्त्याने निघालं की वडखळला अलिबागचा फाटा लागतो. तिथून पुढे डोलवी. धरमतरच्या खाडीत लोहखनिज आणि कोळसा घेऊन आलेल्या बार्जेस लागलेल्या असतात, आणि रस्त्यावर साखळदंडांनी जखडलेल्या पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या घेऊन ट्रेलर उभे असतात. या गुंडाळ्यांना सगळे 'कॉइल'च म्हणतात. हा कारखाना पूर्वी इस्पातचा होता, २०१० च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यूकडे आला. खनिजापासून गरम लाटलेल्या कॉइलपर्यंत सगळं काम इथे होतं.

तसंच पुढे गेलं की माणगाव. तिथली कोंडी पार करून ताम्हिणीच्या रस्त्याला वळलं की विळे-भागाड एमआयडीसी लागते. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेला इथला मोठा कारखाना पॉस्को या कोरियन कंपनीचा आहे. वर्षाला १८ लाख टन क्षमतेची त्याची शीत लाटण गिरणी जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. इथे खनिज येत नाही, गरम लाटलेली कॉइल येते. तिच्यापासून मोटारींना लागणारा पातळ, गुळगुळीत पत्रा तयार होतो. दोन्ही फाटकांबाहेर पाळी सुटताना ज्या मोटारसायकली निघतात त्यांच्यावर एमएच-०६ च असतं. जेवणाचे डबेही त्याच पंचक्रोशीतल्या घरांतून आलेले असतात.

२०१६ मध्ये चीन, जपान, कोरिया, रशिया, ब्राझील आणि इंडोनेशिया इथून येणाऱ्या गरम लाटलेल्या पोलादाविरुद्ध भारतात चौकशी सुरू झाली. अर्जदारांत सेल, जेएसडब्ल्यू आणि एस्सार होते. या चौकशीपुरता डोलवीचा कारखाना देशी उद्योगात बसतो, कारण तो तीच वस्तू तयार करतो. माणगावचा कारखाना बसत नाही. तो ती वस्तू विकत घेतो, म्हणजे कायद्याच्या भाषेत तो 'वापरकर्ता'. त्याच वर्षी चीन, जपान, कोरिया आणि युक्रेनच्या शीत लाटलेल्या पोलादाविरुद्ध दुसरी चौकशी झाली. तिच्यात माणगाव उत्पादक ठरतो, कारण तो पत्रा तिथेच लाटला जातो. पण आता दुसरी अडचण येते. ज्या कोरियन कंपनीच्या निर्यातीची चौकशी व्हायची, तीच या कारखान्याची मालक आहे. अशा उत्पादकाला बाजूला ठेवण्याची मुभा नियमात आहे.

कारखाना तोच आणि कामगारही तेच. तरी एका फाइलीत तो ग्राहक होतो आणि दुसऱ्या फाइलीत त्याच्या नात्यावर बोट ठेवलं जातं. म्हणून अमुक कंपनी देशी की परकी, हा प्रश्न या कायद्यात सुटा विचारताच येत नाही. कुठल्या वस्तूच्या बाबतीत, हे आधी सांगावं लागतं.

सारखी वस्तू म्हणजे कोणती?

जागतिक व्यापार संघटनेच्या अँटी-डम्पिंग कराराचं चौथं कलम देशी उद्योगाची व्याख्या करतं. 'सारख्या वस्तू'चे देशातले सगळे उत्पादक, किंवा ज्यांचं एकत्रित उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाचा 'प्रमुख हिस्सा' ठरतं असे उत्पादक, म्हणजे देशी उद्योग. भारतात हीच व्याख्या १९९५ च्या नियमांत आली आहे. या नियमांच्या मागे सीमाशुल्क दर कायदा, १९७५ ची कलमं उभी आहेत.

व्याख्येत मालकाच्या राष्ट्रीयत्वाचा उल्लेखच नाही, देशात उत्पादन होतंय एवढं पुरतं. हजिऱ्याचा एस्सार स्टीलचा कारखाना २०१९ च्या डिसेंबरात आर्सेलरमित्तल आणि जपानच्या निप्पॉन स्टीलच्या हाती गेला. पूर्वी रुइयांचा असताना तो जितका 'देशी उत्पादक' होता तितकाच तो आजही आहे. हल्दियाचा पीटीए कारखाना जपानी मित्सुबिशी समूहाचा असताना त्या कंपनीने रिलायन्सच्या जोडीने भारतीय देशी उद्योग म्हणून परदेशी पीटीएविरुद्ध अर्ज केला होता. पीटीए म्हणजे पॉलिएस्टरचा कच्चा माल. भांडवल कुठलंही असो, धुराडं इथलं हवं.

मग 'सारखी वस्तू' कशी ठरते? करार सांगतो की ती प्रत्येक बाबतीत तीच असावी, आणि तशी नसेल तर गुणधर्मांनी अगदी जवळची असावी. प्रत्यक्षात अधिकारी कच्चा माल, बनवण्याची पद्धत, उपयोग, किंमत, सीमाशुल्काचा वर्ग हे सगळं बघतात आणि ग्राहक एकीच्या जागी दुसरी घेतो का, तेही पडताळतात. सर्वांत जास्त खेचाखेच इथे होते. मोटार कंपन्या म्हणतात, आम्हाला लागणारा अमुक दर्जाचा पत्रा इथे तयारच होत नाही, त्याला वगळा. उत्पादक म्हणतात, होतो, तुम्ही मागणीच नोंदवत नाही. एकेक दर्जा आत राहिला की बाहेर गेला, यावर कोट्यवधींचा फरक पडतो. वस्तूची चौकट आखली की तिच्या मागोमाग उद्योगाचीही चौकट आखली जाते.

जीवनतारा इमारतीतलं गणित

हे सगळं ठरतं दिल्लीत, संसद मार्गावरच्या जीवनतारा इमारतीत. तिथे वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय आहे. सगळे त्याला डीजीटीआर म्हणतात. १९९८ मध्ये ते अँटी-डम्पिंग महासंचालनालय म्हणून सुरू झालं आणि २०१८ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. भारताने पहिली चौकशी १९९२ मध्ये, पीव्हीसी रेझिनवर केली. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, तेव्हापासून आजवर भारताने हजाराहून जास्त चौकशा सुरू केल्या आहेत. या बाबतीत जगात पहिला नंबर आपला आहे.

चौकशी सरकार सहसा आपणहून सुरू करत नाही, तसा अधिकार असला तरी. उद्योगाने अर्ज करायचा असतो, आणि अर्जदार खरंच उद्योगाच्या वतीने बोलतोय का ते तपासायला दोन कसोट्या आहेत. पहिली: अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या निदान २५ टक्के हवं. दुसरी: ज्यांनी बाजूने किंवा विरुद्ध तोंड उघडलं त्यांच्या एकत्रित उत्पादनात पाठिंब्याचा वाटा निम्म्याहून जास्त हवा.

आकडे मांडून बघू. देशात पाच कारखाने आहेत. एकाचं उत्पादन ३० टक्के, तो अर्ज करतो. दुसऱ्याचं २० टक्के, तो विरोध करतो. उरलेले तिघे मिळून ५० टक्के आणि ते गप्प. बोलले ते एकूण ५० टक्के, त्यांतले ३० बाजूने, म्हणजे निम्म्याहून जास्त. शिवाय ३० हे २५ हून अधिक. दोन्ही कसोट्या पार झाल्या आणि चौकशी सुरू. सत्तर टक्के उत्पादनाने पाठिंबा दिलेला नाही, तरी. या गणितात गप्प बसणारा कुठल्याच बाजूला मोजला जात नाही.

अशा अर्जांची कागदपत्रं तयार करणाऱ्या मुंबईच्या एका कॉस्ट अकाउंटंटकडे मी बसलो होतो. त्यांच्या मते खर्चाचे तक्ते करणं हे नंतरचं काम. "आधी डोकी मोजायची. कोण सही देईल, कोण विरोध करेल आणि कोण आपला शांत बसेल, याचा अंदाज आल्याशिवाय आम्ही अर्जाला हातच लावत नाही," ते म्हणाले. चौकशीचा काळ आणि त्याआधीची तीन वर्षं, एवढ्या मुदतीचं उत्पादन, क्षमतेचा वापर, विक्री, नफा, साठा, कामगार, पगार, भांडवलावरचा परतावा असा सगळा हिशेब अर्जदाराला द्यावा लागतो. हे आपले आकडे प्रतिस्पर्ध्याच्या वकिलाच्या नजरेला पडतील या धास्तीनेही काही जण गप्प राहतात.

त्या धास्तीवर उपाय म्हणून प्रत्येक कागद दोन रूपांत दाखल होतो, एक गोपनीय आणि एक सर्वांसाठी. सर्वांसाठीची प्रत कुणालाही वाचता येते. मी काही अहवाल चाळले. तक्त्यांमध्ये आकड्यांच्या जागी ओळीने तीन-तीन फुल्या होत्या. त्यांच्या खाली निर्देशांक: पहिलं वर्ष १००, मग ९६, मग ८८. नफा घसरला हे कळतं, पण किती रुपयांवरून किती रुपयांवर ते कळत नाही. देशात उत्पादक एकच असेल तर देशाचं एकूण उत्पादनही फुल्यांच्या आड जातं, कारण तो आकडा म्हणजे त्या कंपनीचाच आकडा.

सोयरीक तपासली जाते

डोकी मोजण्याआधी काही डोकी वगळावी लागतात. जो उत्पादक निर्यातदाराशी किंवा आयातदाराशी जोडलेला आहे, किंवा डम्पिंगचा तोच माल स्वतः आयात करतो, त्याला व्याख्येबाहेर ठेवता येतं. यामागचा विचार व्यवहारी आहे. ज्याला स्वस्त आयातीतून फायदा होतो तो उद्योगाच्या दुखण्याचं खरं चित्र देणार नाही. तो अर्जाला विरोध करेल, किंवा त्याचे चांगले आकडे मिसळून इतरांची इजा झाकली जाईल.

पण नातं आहे एवढ्यावर कुणाला काढता येत नाही. एकाचं दुसऱ्यावर नियंत्रण आहे का, दोघांवर तिसऱ्या कुणाचं आहे का, आणि त्या नात्यामुळे हा उत्पादक इतरांपेक्षा वेगळा वागेल असं मानायला आधार आहे का, हे पाहायचं असतं. आयातीचंही तसंच. कुणी यंत्र बंद पडलं म्हणून चार कंटेनर मागवले असतील. कुणी आपलं गिऱ्हाईक हातचं जाऊ द्यायचं नाही म्हणून स्वस्त माल आणून मिसळून विकला असेल. आणि कुणी कारखाना नावापुरता ठेवून खरा धंदा आयातीचा चालवत असेल. शेवटचा उत्पादक म्हणून उरलेलाच नसतो. भारताच्या नियमांत असं नातं किंवा आयात असलेल्या उत्पादकांना वगळणं काही काळ सक्तीचं होतं. नंतर ते अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलं गेलं.

विशेष आर्थिक क्षेत्रांनी यात आणखी एक गाठ मारली. सेझमधला कारखाना भारताच्या जमिनीवर उभा असतो, पण सीमाशुल्काच्या हिशेबात तो बाहेरचा आणि तिथून देशात आलेला माल आयात समजला जातो. २०१८ मध्ये सौर सेलच्या आयातीवर २५ टक्के संरक्षक शुल्क लागलं. ते अँटी-डम्पिंगच्या सख्ख्या भावंडासारख्या दुसऱ्या तरतुदीखाली होतं, पण देशी उद्योग कोण हा प्रश्न तिथेही तोच. त्या प्रकरणातल्या पाच अर्जदार कंपन्यांत मुंद्र्याच्या सेझमधली एक होती. सीमाशुल्काला जी जागा परकी, तिथला कारखाना देशी उद्योगात कसा धरायचा, यावर बराच खल झाला. शेवटी तो धरला गेला.

जेव्हा उद्योग म्हणजे एकच कंपनी

इचलकरंजीत मागांचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येतो. हे मूळचं सुती कापडाचं गाव. आता मागावर पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसचं मिश्र सूतही चढतं. सायझिंगहून बीम येते, बाणा वेगळा येतो आणि मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, ठरते. इथल्या पुष्कळ मागधारकांना 'खर्चीवाले' म्हणतात. सूत व्यापाऱ्याचं, विणून द्यायचं काम यांचं. अशाच एका खर्चीवाल्याला मी विचारलं, की व्हिस्कोसच्या तंतूवर अकरा वर्षं जादा कर होता, तेव्हा दिल्लीत कुणी तुमचं म्हणणं विचारलं होतं का? माग थांबवून ते हसले. "आम्हास्नी कोण इचारतंय? सूत म्हागलं की शेटजी सांगतोय, मजुरी कमी घ्या. कशानं म्हागलं ते तो बी सांगत न्हाई."

व्हिस्कोस स्टेपल फायबर म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला आखूड तंतू. भारतात तो जवळजवळ एकटी ग्रासिम कंपनी बनवते. नागदा, खराच, विलायत आणि हरिहर हे तिचे कारखाने. २०१० मध्ये चीन आणि इंडोनेशियाच्या तंतूवर अँटी-डम्पिंग कर लागला. असा कर पाच वर्षांसाठी असतो, आणि मुदत संपताना 'सूर्यास्त फेरतपासणी' होऊन तो वाढवता येतो. हाही वाढला. या काळात देशी उद्योगाची इजा म्हणजे एका कंपनीची इजा, आणि देशी उद्योगाचं संरक्षण म्हणजे एका कंपनीचं संरक्षण होतं. व्याख्येत यात काही चूक नाही. शंभर टक्के उत्पादन करणाऱ्याच्या हाती पाठिंबाही शंभर टक्के असतो. पंचवीस आणि पन्नासच्या कसोट्या तिथे निरुपयोगी ठरतात.

आता त्याच चित्राची दुसरी बाजू पाहा. मार्च २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने या तंतूच्या बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल ग्रासिमला ३०१.६१ कोटी रुपये दंड ठोठावला. गिऱ्हाइकांकडून वेगवेगळे भाव घेतले, असा ठपका होता. कंपनीने तो आदेश अपिलात नेला. सरकारचा एक विभाग या कंपनीला इजा झालेला देशी उद्योग मानत होता आणि त्याच वेळी दुसरा तिला वर्चस्वाबद्दल दंड करत होता. दोघेही आपापल्या कायद्याप्रमाणे वागत होते, कारण दोन्ही कायद्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. एक विचारतो, उत्पादकाला काय झालं. दुसरा विचारतो, उत्पादकाने गिऱ्हाइकाचं काय केलं.

२०२१ मध्ये डीजीटीआरने हा कर पुढे चालू ठेवण्याची शिफारस केली. अर्थ मंत्रालयाने ऑगस्टमध्ये तो उठवला. सूतगिरण्यांनी आनंद साजरा केला. पुढे २०२३ मध्ये याच तंतूवर गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू झाला आणि बाहेरचा माल आणण्याची वाट निराळ्या मार्गाने अरुंद झाली. पीटीएच्या बाबतीत तर अर्थमंत्र्यांनी २०२० च्या अर्थसंकल्पातच लोकहिताचं कारण देऊन कर रद्द केला. तिथेही उत्पादक मोजके, आणि त्या कच्च्या मालावर जगणारे हजारो होते.

सत्तावीस टक्क्यांत उद्योग मावत नाही

प्रमुख हिस्सा म्हणजे नेमका किती, हा आकडा करारात कुठेच दिलेला नाही. तो भांडणातूनच ठरत गेला. अर्जेंटिनाने ब्राझीलच्या कोंबड्यांवर कर बसवला तेव्हा ४६ टक्के उत्पादन करणाऱ्यांना देशी उद्योग मानलं होतं. २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या लवादाने ते मान्य केलं. निम्म्याहून जास्त हवेच असं नाही, असा त्याचा अर्थ निघाला.

युरोपीय संघाने याहून खाली जाऊन पाहिलं. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी चिनी नट-बोल्ट-स्क्रूंवर ८५ टक्क्यांपर्यंत कर लावला. या धंद्यात युरोपभर शेकड्यांनी लहान कारखाने आहेत. अधिकाऱ्यांनी ठराविक दिवसांत पुढे या, आणि नमुना म्हणून तुमची तपासणी होईल याला तयार असा, अशी अट घातली. जे तयार झाले तेवढेच देशी उद्योग ठरले. त्यांचं उत्पादन एकूण उत्पादनाच्या २७ टक्के भरलं. चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला. २०११ मध्ये अपील मंडळाने सांगितलं की अर्ज दाखल करण्यासाठी असलेली २५ टक्क्यांची अट वेगळी आणि इजा मोजण्यासाठीचा 'प्रमुख हिस्सा' वेगळा. एका कसोटीचा आकडा दुसरीला लावता येत नाही. शिवाय जे स्वतः पुढे येतात ते सहसा ज्यांना जास्त लागलंय असेच असतात. एवढ्यांवरून सगळ्या उद्योगाचं दुखणं ठरवणं म्हणजे निकाल आधीच झुकवणं. युरोपने चौकशी पुन्हा केली, तरी दुसऱ्या फेरीतही हाच दोष निघाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो कर रद्द झाला.

वगळण्याची हातचलाखी नॉर्वेच्या सॅमन माशांच्या प्रकरणातही पकडली गेली. युरोपने माशाचे तुकडे करून विकणाऱ्या काही उत्पादकांना हिशेबाबाहेर ठेवलं होतं. चौकशीच्या वस्तूत तुकडे धरलेत, तर तुकडे करणारेही उद्योगात आले पाहिजेत, असं लवादाने बजावलं.

पाठिंब्याला पैसा चिकटला की काय होतं, हे अमेरिकेने दाखवलं. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने २००० मध्ये कायदा झाला की वसूल झालेला अँटी-डम्पिंग कर अर्जाला पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांत वाटायचा. बेअरिंगच्या धंद्यात टॉरिंग्टनने पाठिंबा दिला होता, तिला पैसे मिळाले. स्वीडनच्या एसकेएफचे कारखाने अमेरिकेत होते, पण तिने पाठिंबा दिला नव्हता म्हणून तिला काही मिळालं नाही. आपल्याकडे चिंचवडला जिची बेअरिंगं बनतात तीच ही कंपनी. ती कोर्टात गेली. खालच्या कोर्टात जिंकली आणि २००९ मध्ये अपिलात हरली. तोवर जागतिक व्यापार संघटनेने २००३ मध्ये तो कायदा कराराविरुद्ध ठरवला होता, आणि अमेरिकेच्या संसदेने २००६ मध्ये तो रद्दही केला होता.

ज्यांना हात वर करता येत नाही

मोठा उद्योग असेल तर डोकी मोजणं सोपं. पण लहान-लहान हजारो उत्पादकांचा धंदा असेल तर? करारात याची सोय तळटिपांत आहे. उत्पादक अतिशय विखुरलेले असतील तर पाठिंबा नमुना पद्धतीने मोजता येतो. कामगार किंवा त्यांच्या संघटनाही अर्ज करू शकतात, किंवा पाठिंबा देऊ शकतात. २०१४ मध्ये चिनी मोटार टायरांविरुद्ध अमेरिकेत अर्ज केला तो पोलाद कामगारांच्या संघटनेने. टायर कंपन्यांनी तो केला नव्हता. भारतातून आणि इतर देशांतून जाणाऱ्या कोळंबीविरुद्धच्या अमेरिकन चौकशीत देशी उद्योगाची व्याख्या साफसफाई आणि प्रक्रिया करणाऱ्यांपुरती ठेवली नाही. कोळंबी धरणारे मच्छीमारही त्यात आले. २००५ पासून आपल्या निर्यातदारांनी तो कर भरला.

म्हणजे कायद्याला हात लांब करता येतो. पण आपल्या यंत्रमागवाल्याने अर्ज करायचा म्हटलं तर? ज्याच्याकडे मजुरीची वही हाच हिशेब, त्याने चार वर्षांचा परिव्यय तक्ता, प्रमाणपत्र आणि गोपनीय प्रत कुठून आणायची? वकील आणि लेखापालांची फी कोण भरणार? मोरबीच्या टाइल उत्पादकांनी तर याची उलटी बाजूही पाहिली. २०२० मध्ये आखाती देशांनी भारतीय सिरॅमिक टाइलवर कर लावला, तेव्हा तिथल्या 'देशी उद्योगा'ची व्याख्या यांच्यावर उलटली. व्याख्या कुणाचीही असो, ज्याच्याकडे आकडे आणि वकील आहेत तो तिच्यात आधी बसतो.

कामगार या फाइलीत येतो तो एका ओळीत: कामगारसंख्या, निर्देशांक १००, ९७, ९३. त्याच वस्तूवर पुढची कामं करणाऱ्यांची संख्या त्या तक्त्यात नसते. विणकर, लाटणी कामगार, टेम्पोत माल भरणारा हमाल, हे सगळे 'वापरकर्ता' या खात्यात जातात. वापरकर्त्यांनी आणि ग्राहक संघटनांनी माहिती द्यावी अशी सोय नियमात आहे. पण ती म्हणणं मांडण्याची सोय आहे. संरक्षण मिळण्याच्या हक्काशी तिचा संबंध नाही.

शेवटचा शिक्का कुणाचा

डीजीटीआर फक्त शिफारस करतं. कर लावायचा की नाही हे अर्थ मंत्रालय तीन महिन्यांत ठरवतं. २०२० नंतर मंत्रालयाने अनेक शिफारशी बाजूला ठेवल्या. काही वेळा नुसती मुदत संपू दिली. म्हणजे वापरकर्त्यांचं हित तोललं गेलं असेल तर ते बहुधा इथे, बंद दाराआड. युरोपीय संघाच्या कायद्यात संघाच्या हिताची स्वतंत्र कसोटी आहे आणि ब्रिटननेही आर्थिक हिताची कसोटी ठेवली आहे. भारताच्या १९९५ च्या नियमांत अशी स्वतंत्र, बंधनकारक कसोटी नाही. डीजीटीआरच्या अलीकडच्या अहवालांत भारतीय उद्योगाच्या व्यापक हितावर काही परिच्छेद असतात. पण कर नाकारताना मंत्रालयाने काय पाहिलं, हे सहसा छापून येत नाही. कर न मिळालेला उत्पादक आणि कर भरणारा विणकर, दोघेही अंधारात राहतात.

माझ्या मते देशी उद्योगाची व्याख्या अरुंद ठेवणं ही चूक नाही. इजा मोजायची तर ती सारखी वस्तू करणाऱ्याचीच मोजावी लागेल. विणकराला आणि पोलादवाल्याला एकाच तराजूत घातलं तर काहीच मोजता येणार नाही. चूक आहे ती या अरुंद व्याख्येला देशाचं नाव देण्यात. पंचवीस टक्क्यांनी सही केली की पेपरात मथळा येतो, 'देशी उद्योगाला दिलासा'. उरलेल्यांचा देश त्या मथळ्यात नसतो.

यावर उपाय अवघड नाहीत. कर लावताना आणि नाकारतानाही अर्थ मंत्रालयाने कारणं लिहून प्रसिद्ध करावीत. उत्पादक एकच असेल तिथे स्पर्धा आयोगाचं म्हणणं फाइलीत यावं. विखुरलेल्या लहान उत्पादकांसाठी आकडे गोळा करण्याचा खर्च सरकारने उचलावा, म्हणजे इचलकरंजी-भिवंडीच्या मागवाल्यालाही कधी अर्जदार होता येईल. आणि वाचकांना एवढंच सांगणं: पुढच्या वेळी देशी उद्योगासाठी कर लागल्याची बातमी वाचाल तेव्हा डीजीटीआरच्या संकेतस्थळावर तो अहवाल उघडा. अर्जदार किती, त्यांचं उत्पादन एकूण किती टक्के आणि विरोधात कोण उभं होतं, ही तीन उत्तरं त्यात सापडतात. ती वाचल्याशिवाय त्या बातमीवर स्वदेशीचा शिक्का मारू नका.